तळहातावरचे चार आकडे

गाडी पुणे स्टेशनच्या आवारातून बाहेर पडली, तरी त्या माणसानं कोड विचारला नव्हता.

ज्ञानदेवरावांनी मूठ उघडून पाहिली. चार आकडे निळ्या शाईत जागच्या जागी होते. टॅक्सी पुतण्यानं, सौमित्रनं, साकोलीला बसून मोबाइलवर मागवली होती आणि दहा वेळा बजावलं होतं, "काका, पांढरी गाडी येईल. कोड सांगितल्याशिवाय ड्रायव्हरला निघताच येत नाही. अन् अनोळखी नंबर उचलू नका. बाहेरगावचा माणूस दिसला की पुण्यात लोक टोपी घालायला बसलेलेच असतात."

हा तर निघालासुद्धा होता.

साठीचा माणूस. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात चपला. फाटकाशी पांढऱ्या गाडीला टेकून उभा होता. त्यानं आधी मोबाइलमध्ये पाहिलं, मग ज्ञानदेवरावांच्या तोंडाकडे. "ज्ञानदेव कापगते ना? बसा." नाव बरोबर होतं, म्हणून ते बसले.

"प्रवास बरा झाला? मी—"

"तुमचं नाव नाही विचारलं," ज्ञानदेवराव म्हणाले. "विश्रांतवाडीला चला. सरळ रस्त्यानं. मला सगळं कळतं."

"बरं," तो म्हणाला. आरशात एकदा पाहिलं आणि तोंड मिटलं.

बत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला एवढं ठाऊक होतं, की पहिल्याच तासाला दरडावलं की वर्ग गप्प बसतो.

फोन वाजला. अनोळखी नंबर. त्यांनी तो कापला. लगेच पुन्हा वाजला, पुन्हा कापला.

"महत्त्वाचा असेल," पुढून आवाज आला.

"माझा फोन आहे. मी पाहतो." मग त्यांच्या लक्षात आलं, की पुढे नकाशाही लावलेला नव्हता. "रस्ता कसा सापडतो तुम्हाला?"

"जन्म गेलाय इथे. अजून तरी हरवलो नाही."

सिग्नलला त्याचा फोन वाजला. तो हळू आवाजात बोलला, पण ज्ञानदेवरावांचे कान शाबूत होते. "हो, सापडले. एकटेच आहेत. बॅग एकच. आणतो घेऊन."

ज्ञानदेवरावांनी बॅग मांडीवर ओढली आणि घरी फोन लावला. आपली वाट पाहणारं कुणी आहे, हे याला कळायला हवं होतं.

"द्वारका, बसलो टॅक्सीत. ड्रायव्हर काही बरोबर नाही दिसत. तोंडावरूनच चोर वाटते."

पुढच्या माणसानं रेडिओ बंद केला.

तिकडून द्वारकाबाई मुलीचं बोलू लागल्या. पूर्णिमा तीन वर्षं पुण्यात नोकरीला होती. तिनं केयूर नावाचा मुलगा पसंत केला होता, आणि आज ज्ञानदेवराव त्याच्या घरी पहिल्यांदाच जात होते. नकार द्यायला निघालेल्या माणसानं कुणाचं मिंधं होऊ नये, म्हणून ही टॅक्सी. पूर्णिमाला त्यांनी मुद्दाम येऊ दिलं नव्हतं. ती समोर असती तर त्यांना खोटं बोलवलं नसतं.

"माझं पक्कं हाय," ते म्हणाले. "जातो, चहा घेतो, अन् सांगून देतो का पत्रिका जुळत नाही. नाही दाखवली कोणाले, पण कोण विचारते? अगे, पुण्याचे लोक हायेत ते. आपल्या बोलण्याले हासतील, अन् पोरगी एकटी पडंल त्याइच्यात."

फोन ठेवताना त्यांना कसंतरी झालं. काल रात्री पोरगी फोनवर म्हणाली होती, "बाबा, तुम्ही म्हणाल तसं. पण एकदा भेटा फक्त." रेल्वेत रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

टॅक्सी अचानक डावीकडच्या बोळात वळली.

"इकडे कुठे?"

"दोन मिनिटं." तो उतरून गेला. ज्ञानदेवरावांनी दार ढकललं. उघडेना. पलीकडचंही उघडेना. तो परत आला तेव्हा हातात सुतळीनं बांधलेलं पुडकं होतं.

"दार का उघडत नाही?"

"मागच्या दारांना लहान मुलांसाठीचं लॉक आहे. बसून राहा."

"आणि हे काय आहे?"

"ज्याचं आहे त्याला मिळेल."

येरवड्याचा तुरुंग कुठेतरी इथंच, एवढं त्यांनी ऐकलं होतं. विश्रांतवाडीच्या चौकात सौमित्रचा मेसेज आला.

"काका, टॅक्सीवाल्याचे फोन का कापले? तो स्टेशनवर वाट पाहून निघून गेला. तुम्ही आहात कुठे?"

त्यांनी मेसेज दोनदा वाचला. टॅक्सी स्टेशनवर होती. मग ही गाडी कुणाची होती? आज आपलं काही बरंवाईट झालं, तर पोरीसाठी शेवटचं काय केलं, तर एक थाप रचली. आयुष्यात कधी नवस न बोललेल्या ज्ञानदेवरावांनी डोळे मिटले. देवा, यातून सुखरूप सोडव. पत्रिका-बित्रिका काही नको. पोरीला हो म्हणतो.

गाडी एका इमारतीच्या आवारात थांबली. त्या माणसानं बाहेरून दार उघडलं.

"उतरा."

बॅग छातीशी धरून ते उतरले. पायरीवर एक बाई पदर सावरत उभी होती.

"या, या. मी श्यामला, केयूरची आई. स्टेशनवर न्यायला येऊ नका म्हणालात तुम्ही, तरी आमचे हे ऐकेनात. म्हणाले, मुलीचे वडील पहिल्यांदा येताहेत, मी स्वतः जाणार." मग त्या नवऱ्याकडे वळल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो, वाटेत काही वाकडं बोलला नाहीत ना त्यांना?"

"मी कुठे? तेच बोलत होते." त्यांनी पुडकं बायकोच्या हातात दिलं. "पेढे आत ठेव आणि चहा टाक. चहा घेतला की पत्रिका जुळत नाही म्हणून सांगायचंय त्यांना."