सात नंबरच्या मशीनमागचा खिळा

"तुमच्या मशीनमागच्या भिंतीत हा खिळा कशासाठी?" कंपनीच्या वकिलाने फोटो पुढे केला.

कामगाराने तो डाव्या हाताने घेतला. उजव्या हाताला आता अंगठा आणि करंगळीच उरली होती. "जाळी टांगायला, साहेब. मशीनपुढची. हात आत जाऊ नये म्हणून असते ती."

"म्हणजे जिनं हात वाचवला असता, तीच काढून ठेवायची. रोज?"

"सगळेच काढतात."

"सगळ्यांचं सोडा." वकिलाचा आवाज चढला नाही; तो कधीच चढत नसे. "खिळा ठोकला. टांगलेली जाळी वाजून सुपरवायझर येऊ नये म्हणून चपलेचा तुकडा लावला." तो न्यायाधीशबाईंकडे वळला. "मॅडम, ही चूक नाही, ही तयारी आहे. आणि जो आपल्या हातानं जाळी काढतो, त्याला कायदा भरपाई देत नाही."

"खिळा मी नाही ठोकला. मी आलो तेव्हा होताच."

"मग कोणी ठोकला?"

"काय माहीत."

वकिलाला माहीत होतं. सव्वीस वर्षांपूर्वी त्याच सात नंबरच्या मशीनवर तो दिवसभर पत्रा कापायचा आणि संध्याकाळी कायद्याच्या कॉलेजात जायचा. शेवटचा घाव चुकून खिळा डावीकडे वाकला, तो अजून तसाच होता. डावी चप्पल कापून त्या दिवशी तो एका पायाने अनवाणी घरी गेला. काल हा फोटो पाहिल्यापासून तो पाय गार पडला होता.

कारखाना आतून-बाहेरून ओळखणारा म्हणून तर कंपन्या त्याच्याकडे धावत यायच्या. समोरच्या बाजूचे वकील पाठीमागे म्हणायचे, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. तो हसण्यावारी न्यायचा. जाळी लावून दिवसाचे नग पुरे होत नाहीत, हे त्याच्याइतकं त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं. जाळी लावून नग पुरे होतात का, एवढा एकच प्रश्न त्याने आजवर कुठल्याही कामगाराला विचारला नव्हता.

निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर सांगते, असं म्हणून न्यायाधीशबाई उठल्या.

बाहेरच्या बाकावर वकिलाने डबा उघडला. कामगार आणि त्याची बायको समोर येऊन उभे राहिले.

"कामावरून तर काढलंच आहे यांना," बायको म्हणाली. "हेही गेलं तर आम्ही करायचं काय?"

"तू थांब गं." कामगाराच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं वकिलाला वाटलं. "साहेब, एक विचारू? ते चपलेचं आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"फोटोत दिसतंय की."

"फोटोत नुसता काळा डाग आहे. तेल बसलंय त्याच्यावर इतक्या वर्षांचं. मी आठ वर्षं रोज तिथं जाळी टांगली, मलासुद्धा रबराची चकती वाटायची. एकदा बोटानं खरवडली, तेव्हा खालून निळी निघाली. पट्टा बसतो ते भोक दिसलं, तेव्हा कळलं चप्पल आहे." त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "तुम्ही कधी खरवडलीत?"

वकील डबा बंद करू लागला. डब्याचं झाकण काही केल्या बसेना. तेवढ्यात शिपायाने हाक दिली आणि तो सुटल्यासारखा आत गेला.

न्यायाधीशबाईंनी चष्मा लावला. "निकालाआधी कोणाला काही सांगायचं राहिलंय?"

या प्रश्नाला "नाही" म्हणायला तो नेहमी सगळ्यांत आधी उठायचा. आज बसूनच राहिला. पलीकडच्या बाकावरून कामगार बघत होता. त्याच्या तोंडाकडे नाही. खाली, चकचकीत बुटांकडे.

वकिलाने डावा पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतला.