जीपची दारं

दीपकने जीप अशी बंद केली होती की वाराही विचारूनच आत आला असता.

इंजिनाला हवा मिळावी म्हणून त्याने पाइप टपापर्यंत चढवला होता. पंख्याने पाणी उडवू नये म्हणून पट्टा काढला होता. पुढच्या जाळीवर ताडपत्री ताणली होती. इथवर ठीक होतं. पण दीपकचा सारा जन्म बोटीच्या इंजिनरूममध्ये गेलेला. पाणी आत शिरणं ही त्याच्या लेखी बदनामी. म्हणून सगळे बसल्यावर त्याने आतून दारांच्या फटींत राळेत भिजवलेला कापूस ठोकला, होडीच्या फळ्यांत भरतात तसा.

"आता उतरायचं कसं?" स्टिअरिंगवरून त्याच्या बायकोने, गोदाने विचारलं. बोटीवर सुकाणू कधी दीपकच्या हातात आलं नव्हतं. घरीही नाही.

"आधी नदीपलीकडे तर जाऊ," तो मागच्या सीटवरून म्हणाला.

गोदाच्या शेजारी दीपकची आई, यमुनाबाई. किडन्या थकलेल्या, अंगात साठणारं पाणी रत्नागिरीला जाऊन यंत्राने काढून घ्यावं लागे. मागची खेप नदीने चुकवली होती. पाय सुजून चपलेत मावत नव्हते.

काचेवर टकटक झाली. पोलीस पाटील महिपत, छत्रीसकट.

"काकी, कॉजवेवर पाणी हाय. वाहन घालायला बंदी. वरून मेसेज आलाय."

"माझ्या किडनीला पाठव तो. ती ऐकली तर मी उतरते."

"उद्या ओसरेल की."

"शनिवारी पण हेच बोललास, महिपता."

"यंदा पूल नक्की होतोय, काकी."

"भूमिपूजनाचे पेढे दोनदा खाल्ले मी. साखर वाढली, पूल काय वाढला नाय. गोदा, घाल गाडी."

गोदाने घातली.

मधोमध आल्यावर इंजिनाचा आवाज एकदम हलका झाला. चाकं फिरत होती, जीप पुढे जात नव्हती. तिचं नाक हळूच धारेच्या बाजूला वळलं.

"तरंगतेय!" मागून दीपकचा आवाज भरून आला. "बघ आये, एक थेंब आत नाय!"

"तरंगायला सांगितलं कुणी हिला?" गोदा ओरडली. "चाकं टेकत नायत. वाहत चाललोय आपण!"

जीप कॉजवेच्या कडेकडे सरकली. दीपक खाली वाकला आणि कापूस आणखी घट्ट ठोकू लागला.

"दीपक, सोड तो कापूस," यमुनाबाई म्हणाल्या. "गोदा, दार उघड. येऊ दे आत."

"आये, बुडू!"

"बुडते ती बोट. ही गाडी. हिला वजन नको?"

गोदाने ॲक्सिलरेटरवरचा पाय ढळू दिला नाही. एका हाताने कापूस उपटला आणि दाराला खांदा लावला. नदी आत आली. आधी घोटे, मग गुडघे, मग यमुनाबाईंची मांडी. हटून बसलेल्या म्हशीसारखी जीप खाली बसली. चाकांना काँक्रीट लागलं. एक हिसका बसला, नाक सरळ झालं, आणि उघड्या दाराने जीप चालू लागली.

मागे महिपत शिट्टी वाजवत होता. बंदी अजून लागू होती.

रत्नागिरीला, यंत्राला लावण्याआधी, अंगात किती पाणी साठलंय ते कळावं म्हणून सिस्टरने यमुनाबाईंना काट्यावर उभं केलं. आकडा बघून तिने कपाळाला हात लावला.

"आज्जी, अहो, किती पाणी वाढवून आणलंत!"

लुगड्यातून काट्यावर टपटप गळत होतं.

"त्यातलं बरंचसं नदीचं आहे," यमुनाबाई म्हणाल्या. "ते मी जाताना तिला परत देणार आहे. तू माझं तेवढं काढ."