पाच नंबरचा पलंग

“तुम्ही मारलंत ते बाळ. कागदावर काय वाट्टेल ते लिहा. मारलंत तुम्ही.”

मोठ्या डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. “ताई, बसून बोला.”

“दोन तास दहा मिनिटं ती पाच नंबरच्या पलंगावर पडून होती. तेवढ्या वेळात कोणी तिच्या पोटाला हात लावला नाही. बाळाचे ठोके ऐकले नाहीत. बसून काय बोलू?”

ती उभीच राहिली. शेजारच्या खुर्चीत बाळाचा बाप होता. बाळ गेल्यापासून नऊ दिवस त्यानं दाढी केली नव्हती. तक्रार त्याची होती. बोलायला सोबत म्हणून त्यानं हिला आणलं होतं.

“या कोण?” डॉक्टरांनी त्याला विचारलं. “पेशंटची बहीण?”

“डूला आहेत.”

“म्हणजे सुईण.”

“नाही,” ती म्हणाली. “मी तपासत नाही, औषध देत नाही, नाळ कापत नाही. मी बाईजवळ बसते. कंबर चोळते, पाणी पाजते, श्वास कसा घ्यायचा ते शिकवते. तुमच्याकडे जे करायला कोणाला वेळ नसतो ते.”

“वा! म्हणजे जबाबदारी कसलीच नाही, आणि बोट दाखवायला मोकळ्या.” डॉक्टर हसले. एकटेच हसले.

बाप म्हणाला, “माझ्या मेव्हणीच्या वेळी याच होत्या. तिची सासू अजून सांगते, मी दाराबाहेरच बसले होते, बाळ रडलं तेव्हा कळलं की सुटली. म्हणून तर आम्ही यांना बोलावलं. माझी बायको कालसुद्धा म्हणाली, ताई होत्या म्हणून मी तेवढं सोसलं.”

ताईनं खिडकीकडे पाहिलं. नऊ दिवसांत त्याच्या बायकोचे चार फोन येऊन गेले होते. तिनं एकही उचलला नव्हता.

डॉक्टरांनी घंटी दाबली. त्या दुपारी ड्युटीवर असलेली सिस्टर आत आली. पंचविशीसुद्धा ओलांडली नसेल. डोळे सुजलेले.

“सांगा सिस्टर, काय झालं.”

“सर, आठ पलंग भरलेले. मी आणि एक आया. तीन नंबरची बाई पलंगाचा गज उपटायला निघाली होती. सात नंबरची नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. जिचा आवाज मोठा तिच्याकडे आधी पळायचं, आमचं असंच चालतं. तुम्हाला ठाऊक आहे, सर.”

“मला काहीही ठाऊक नाही,” डॉक्टर घाईनं म्हणाले. “पाच नंबरचं बोला.”

“मी दोनदा डोकावले. या ताई तिच्यावर ओणवून तिचं तोंड पुसत होत्या. मला वाटलं, हिचं बरं चाललंय, हिला माणूस तरी आहे.”

“वाटलं!” ताई एवढ्यानं ओरडली की बापही दचकला. “तुला वाटलं! ठोके ऐकायचं यंत्र काय शोभेला ठेवलंय?”

सिस्टरनं मान खाली घातली. बापानं ताईकडे पाहिलं. आपल्या बाजूनं कोणीतरी भांडतंय, एवढंच त्याच्या नजरेत होतं. ती नजर ताईला सोसवली नाही.

डॉक्टरांचा आवाज खाली आला. “वार आधीच गर्भाशयापासून सुटली होती. आत रक्त साठत गेलं. पहिल्या अर्ध्या तासात कोणाच्या लक्षात आलं असतं, तर...”

“तर?” ताईनं विचारलं.

“बाळ बहुतेक वाचलं असतं.”

“बहुतेक म्हणजे?”

“बहुतेक म्हणजे बहुतेक. मी ज्योतिषी नाही.” त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. “चूक सिस्टरची. तिला आजपासून कामावरून काढलंय. साक्षीदार म्हणून तुम्ही सही करा, विषय मिटला.”

सिस्टर बाहेर गेली.

ताईनं कागद वाचला. वेळ होती, पलंगाचा नंबर होता, सिस्टरचं नाव दोनदा होतं. आठ पलंगांना एक सिस्टर, हे कुठेच नव्हतं. ताईचंही नाव नव्हतं. ‘सोबत स्त्री नातेवाईक’ एवढंच.

“करा ना सही,” बाप म्हणाला. “बायको सारखी विचारते, माझं काय चुकलं, माझंच काहीतरी चुकलं. मला घरी जाऊन सांगायचंय की तुझं नाही गं चुकलं, अमकीचं चुकलं. नाव हवंय मला, ताई.”

ताईनं पेन उचललं, पुन्हा ठेवलं आणि ती खोलीबाहेर पडली.

सिस्टर कपडे बदलायच्या खोलीत होती. कपाटातून एक चपलांचा जोड, स्वेटर आणि डबा काढून पिशवीत कोंबत होती.

“झालं समाधान?” तिनं मागे न बघता विचारलं. “केलीत सही?”

“नाही.”

“उपकार झाले. मग इथे कशाला आलात? मी रडते का ते बघायला?”

ताईनं दार लोटून घेतलं. “एक विचारायचंय. खरं सांग. माझी गय करू नकोस.”

“तुमची? तुमची कशाला गय करू?” सिस्टर वळली. “विचारा.”

“ती म्हणाली, ताई, ही कळ जातच नाहीये, हे वेगळंच दुखतंय. मी म्हटलं, श्वास घे. मग ती ओरडायला लागली. माझ्या हाताखालच्या बायका ओरडत नाहीत, नाव आहे माझं. तिनं तोंड उघडलं की मी त्यावर हात दाबायची. दर वेळी. ती ओरडली असती, तर तू आली असतीस? हो की नाही? बोल.”