फडक्याची गाठ

बिश्केकच्या प्रसूतिगृहात संडासाला लाल फडकं, नळांना निळं, असा नियम. मोतीबिंदू वाढल्यापासून तिथल्या सफाईवाल्या झूराकानला दोन्ही राखाडीच दिसत. कुणाला कळलं तर नोकरी जाणार, म्हणून तिने लाल फडक्याला गाठ मारली होती. तिची आई अंधारात गळ्यातल्या दोरीच्या गाठीवरून मेंढ्या ओळखायची. संडास पुसून ती चहाला गेली. परतल्यावर तिने बिनगाठीचं फडकं घेऊन बेसिनचा नळ पुसला. तेवढ्यात मुकादमीण बुरुल हसत आली, थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी म्हणाली, “एजे, फडक्यात काय नवरा बांधून ठेवला होता? पिळता येईना, मघाशी गाठ सोडली मी.” झूराकानने हातातलं फडकं चाचपलं. इतक्यात एक बाळंतीण तान्ह्याचं तोंड धुवायला नळाकडे वळली. “थांब पोरी, हात लावू नकोस!” झूराकान मध्ये आडवी आली. बुरुलचं हसू मावळलं. “का हो एजे?” झूराकानने फडकं पुढे केलं. “बुरुल, हे कुठल्या रंगाचं?”