आता धक्का नको

आमची जुनी गाडी धक्का मारल्याशिवाय सुरूच व्हायची नाही. एकदा सुरू झाली की हे ती थांबवायचे नाहीत, म्हणून मी धक्का मारून पळत जायचे आणि चालत्या गाडीत मागे बसायचे.

त्या सकाळी आमच्या वर्षभराच्या समृद्धीला ताप चढला, तिला मंचरला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. ह्यांनी बॉनेट उघडून दाखवलं, "हितं प्वाइंट व्हता, सारखा जळायचा, म्हून धक्का लागायचा. आता ठिणगीचं काम ही इलेक्ट्रॉनिक डबी करती. तू नुसती गाडीत बस."

मला काही खरं वाटेना. लेकीला कडेवर धरून मी सवयीनं डिकीला हात लावला, तोच गाडी सुरू होऊन निघूनही गेली.



थोड्या वेळानं मंचरहून डॉक्टरांचा फोन आला, "ताई, तुमचे मिस्टर आलेत. पेशंट कुठंय?"