शेवंतीचे दोन हार

चित्राताई फोटोला हार घालणार, तोच आमनाने फोटो झटकन छातीशी धरला.

"नो, नो!"

चित्राताई वाकल्या तशाच थांबल्या. आपण केलेला हार कुणी नाकारावा, हे त्यांना पुण्यात कधी ठाऊक नव्हतं! सून मंजिरी तर पार कानकोंडी झाली. "आई, अहो, आधी विचारायचं तरी!"

परदेशातल्या क्रेगीबर्न गावच्या लायब्ररीबाहेर दर शनिवारी अकरा वाजता आमना आणि झहरा एका चटईवर बसायच्या. सुदानच्या दोघी. अंगावर पांढरी वस्त्रं, मांडीवर एकेका तरुण मुलाचा फोटो, पुढ्यात पाटी : युद्ध थांबवा. घोषणा नाही, कुणाशी हुज्जत नाही. त्यांच्या देशात घरातल्याच दोन फौजा एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. आमना एका बाजूची, झहरा दुसऱ्या बाजूची. म्हणून तर चटई एकच! दोघींपैकी एक जरी आली नाही, तरी चटई गुंडाळायची, हा त्यांचा नियम.

आमना मंजिरीच्या हॉस्पिटलात नर्स होती, त्यामुळे लेकाकडे आलेल्या चित्राताईंना एवढं कळलं होतं. बाकीचं त्यांनी आपल्या मनानेच ठरवलं. आई मांडीवर फोटो घेऊन बसते, म्हणजे मुलगा गेला. आणि गेलेल्या मुलाचा फोटो बिनहाराचा? छे! सुपरमार्केटमधून पांढरी शेवंती आणून त्यांनी सकाळीच दोन हार ओवले.

आज झहरा आली नव्हती. साडेअकरा होत आले होते. तिच्या भावाने तिला बजावलं होतं, पुन्हा शत्रूच्या बाईशेजारी बसलीस तर माझ्या घरात पाऊल ठेवायचं नाही. आमनाची नजर कार पार्कवरून हलत नव्हती. झहरा आली नाही, तर हे बसणं आजच संपणार होतं.

"हा जिवंत आहे," आमना म्हणाली. "फौजेत आहे. तो घरी यावा म्हणून मी बसते."

मंजिरीने सासूला मराठीत सांगितलं.

"अगंबाई! काय करून बसले मी!" चित्राताईंनी जीभ चावली. मग हार आमनाच्या हातात दिला. "मंजिरी, सांग हिला. आमच्यात स्वागतालाही हारच घालतात. लेक दारात आला की हा त्याच्या गळ्यात घाल म्हणावं."

आमनाने हार डोळ्यांना लावला.

तेवढ्यात झहरा आली. एका हातात फोटो, दुसऱ्या हातात भलीमोठी बॅग. मान ताठ. बॅग भिंतीशी ठेवून ती चटईवर आपल्या जागी बसली.

"उशीर झाला," ती म्हणाली. "कपडे भरत होते."

आमनाने तिचा हात घट्ट धरला. काय बाई होती ही झहरा! मंजिरीला रडू आलं आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच.

मग आमनाने स्वागताचा हार उचलला आणि झहराच्या ओंजळीत ठेवला. आपल्या मांडीवरच्या फोटोवर तिने बोट टेकवलं. "हा तुझा मुलगा घरी येईल ना, तेव्हा त्याला घाल."

चित्राताई गोंधळल्या. दुसरा हार अजून त्यांच्याच हातात होता. आमनाने झहराच्या मांडीवरचा फोटो हळूच त्यांच्यापुढे सरकवला.

"हा माझा मुलगा. हिच्या मुलाच्या फौजेने मारला. याला घाला."