क्रियापदाची तीन रूपं

"गो," सासूबाई म्हणाल्या.

"वेंट. गॉन." शिलाई मशीनचं पायडल न थांबवता सुनेनं सांगितलं.

"कम."

"केम. कम."

"परत कम? हे तर पहिलंच झालं."

"तसंच आहे ते, आई. फिरून पुन्हा घरीच येतं."

सासूबाई हसल्या आणि त्यांनी हातातला पत्ता पाठ झालेल्यांच्या ढिगात टाकला. शर्टांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून सुनेनं हे पत्ते केले होते. पुढे इंग्रजी शब्द, मागे आपल्या लिपीत शब्द आणि त्याची रूपं, कारण सासूबाईंना इंग्रजी अक्षर लागत नव्हतं. तरी रोज दुपारी भांडी आवरली की त्या आपणहून पत्ते घेऊन मशीनसमोर बसत. एक पत्ता वगळत नसत आणि चुकलेलं उत्तर खपवून घेत नसत.

सुनेचा नवरा परदेशात एका गोदामात कामाला होता. बायकोला तिकडे न्यायचं तर तिला इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास होणं भाग होतं. दोनदा ती नापास झाली होती. आता ही शेवटची संधी, कारण त्यानंतर नवऱ्याच्या कागदांची मुदत संपत होती. "या वेळी झालं तर झालं," तो फोनवर म्हणाला होता. "पुन्हा पहिल्यापासून सगळं करायची माझ्यात ताकद नाही." मग पुढे काय, ते त्यानं सांगितलं नाही.

घरी तिला सगळी रूपं तोंडपाठ होती. परीक्षकासमोर बसली की मात्र ती एकमेकांत मिसळायची.

"घाबरलीस की तुझे सगळे काळ एकाच डब्यात कोंबले जातात," क्लासच्या बाई म्हणायच्या. "काल काय केलंस? आय गो. उद्या काय करणार? आय गो. अगं, नुसती गो गो करतेस, जातेस कधी?"

वर्ग हसायचा. तीही हसायची. घरी येऊन मग मशीनवर बसली की दोरा सारखा तुटायचा.

एकदा शेजारीण पडदे शिवायला टाकायला आली. सासूबाई चहा पीत होत्या.

"काकू, अजून बिनसाखरेचाच? दोनदा निकाल लागला की. सोडा आता तो नवस."

"मागणं पुरं झाल्याशिवाय तोंड गोड करायचं नाही, असं बोललेय मी देवाला."

"ऐका! सुनेला तिकडे धाडायला नवस करणारी सासू. माझी असती तर परीक्षेच्या दिवशी माझ्या चपला लपवून बसली असती."

"मागणं बोलून दाखवू नये गं," सासूबाई हळूच म्हणाल्या आणि बशीत चहा ओतला.

संध्याकाळी सून त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायची. त्या उशीवर मान टाकून पडायच्या.

"मी घालायला गेले तर नाकात जातात मेले."

"वर्षभरात तुम्हालाही बोलावून घेऊ, आई. हे म्हणालेत तसं."

"हो, हो."

मोठी लेकही जाताना असंच म्हणाली होती. आता कधीमधी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. कामाच्या गडबडीत फोन कुठेतरी टेकवलेला असायचा, आणि लेकीच्या घराचं छत सासूबाईंच्या चांगलं ओळखीचं झालं होतं.

परीक्षेच्या दिवशी त्यांनी सुनेच्या कपड्यांना स्वतः इस्त्री केली. सून पाया पडली तेव्हा तिच्या डोक्यावर बराच वेळ हात ठेवून त्या डोळे मिटून पुटपुटत राहिल्या.

"घाबरू नकोस. सगळं त्याच्या हातात असतं."

ती परत येईपर्यंत त्या दिव्यासमोरून उठल्या नाहीत. पोटात अन्नाचा कण नव्हता.

सून आली ती दारातच बसली. चप्पलही काढली नाही.

"सुरुवात बरी झाली, आई. काल काय केलं, ते नीट सांगितलं. मग त्यांनी विचारलं, तिकडे गेल्यावर काय काय करशील. मला येत होतं हो. यांचा सकाळचा डबा, घराला पडदे, सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. तोंडातून एक शब्द फुटेना. ते थांबले बिचारे. मग त्यांनी पुढच्या बाईला आत बोलावलं."

"निकाल लागू दे. आधीच कशाला जिवाला घोर?"

निकाल मोबाइलवर आला. नापास. सुनेनं नवऱ्याला फोन लावला. "बरं," तो म्हणाला. मग "शिफ्ट सुरू होतेय" म्हणून त्यानं फोन ठेवला.

तिनं पत्त्यांची चळत उचलली. फेकेल असं वाटलं, पण फेकली नाही. मशीनचा एक पाय कधीपासून डुगडुगत होता. वाकून तिनं चळत त्याच्याखाली सारली आणि मशीन हलवून पाहिलं. आता ते हलत नव्हतं. मग शेजारणीच्या पडद्यात तोंड खुपसून ती रडायला लागली.

सासूबाईंनी तिला जवळ ओढलं. त्यांचेही डोळे वाहत होते.

"तुमचा नवस फुकट गेला, आई," ती हुंदके देत म्हणाली. "देवानं नाही ऐकलं तुमचं."

"पडून राहा जरा. चहा टाकते."

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी आधण ठेवलं. दिव्याची वात सारखी केली, हात जोडले, कपाळ जमिनीला टेकवलं. चहा दोन कपांत गाळला.

"ऐकलंस रे बाबा माझं," त्या पुटपुटल्या, आणि आपल्या कपात दोन चमचे साखर घालून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून अगदी हळू ढवळू लागल्या.